एलएलसी रेझोनंट कन्व्हर्टर: गणितापासून बंद लूपपर्यंत

एलएलसी म्हणजे दोन इंडक्टर आणि एका कपॅसिटरच्या रेझोनन्सवर चालणारा, स्विचिंग फ्रिक्वेन्सी बदलून आउटपुट सांभाळणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर. त्याच्या पॉवर स्टेजचं गणित अर्ध्या दिवसात उरकतं, पण लूप (आउटपुट मोजून फ्रिक्वेन्सी सुधारणारं फीडबॅकचं वर्तुळ) बसवताना आठवडे जातात. याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. मॉडेल फक्त रेझोनन्सच्या बिंदूवर केलेलं असतं, आणि कन्व्हर्टर मात्र त्या बिंदूच्या दोन्ही बाजूंना फिरत असतो. म्हणून इथे एकच उदाहरण घेऊन त्याची दोन्ही टोकं तपासत जाऊ.

उदाहरण असं: हाफ-ब्रिज एलएलसी, इनपुट पीएफसीच्या (पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या आधीच्या टप्प्याच्या) बसवरून ३९० व्होल्ट (३५० ते ४१०), आउटपुट २४ व्होल्ट १० अँपिअर, सेकंडरी सेंटर-टॅप, सिंक्रोनस रेक्टिफायर (डायोडऐवजी मॉसफेट), रेझोनन्स १०० किलोहर्ट्झच्या आसपास.

टँकचे आकडे

टँक म्हणजे रेझोनंट कपॅसिटर सीआर, त्याच्या मालिकेतला इंडक्टर एलआर आणि ट्रान्सफॉर्मरचं मॅग्नेटायझिंग इंडक्टन्स एलएम. हाफ-ब्रिज त्याला बसच्या निम्मा व्होल्टेज देतो, म्हणजे १९५ व्होल्ट. रेक्टिफायर आणि तारांचा ड्रॉप ०.२ व्होल्ट धरला तर १९५ ÷ २४.२ = ८.०६. टर्न्स रेशो (प्रायमरी-सेकंडरी वेढ्यांचं प्रमाण) ८ घ्या. आता लागणारा गेन काढा, म्हणजे टर्न्स रेशो × (आउटपुट + ड्रॉप) भागिले बसचा निम्मा व्होल्टेज. ३९० व्होल्टला तो साधारण १ येतो, ३५० ला १.१०६ आणि ४१० ला ०.९४४.

पुढे फर्स्ट हार्मोनिक अप्रॉक्सिमेशन, म्हणजे एफएचए. यात चौकोनी लहरीतला फक्त मूळ साइन घेतो आणि रेक्टिफायरसकट लोड एका रोधात बदलतो. तो रोध = ८ ÷ पाय² × टर्न्स रेशो² × लोड. इथे ०.८१ × ६४ × २.४ = १२४.५ ओहम. टँकचा इम्पीडन्स भागिले हा रोध म्हणजे क्यू. पूर्ण लोडला क्यू ०.४ च्या जवळ ठेवायचा म्हटलं तर इम्पीडन्स ५० ओहमच्या आसपास येतो. आधी कपॅसिटर निवडा, कारण तो ठरावीक किमतींतच मिळतो, इंडक्टर मात्र हवा तसा गुंडाळता येतो. सीआर ३३ नॅनोफॅरड घेतला की एलआर ७७ मायक्रोहेन्री लागतो. रेझोनन्स ९९.८ किलोहर्ट्झ, इम्पीडन्स ४८.३ ओहम, क्यू ०.३९. एलएम एलआरच्या पाचपट, म्हणजे ३८५ मायक्रोहेन्री.

गेनचं सूत्र शब्दांत लिहितो. स्विचिंग फ्रिक्वेन्सी भागिले रेझोनन्स याला 'एफ' म्हणू आणि एलएम भागिले एलआर याला 'के'. अंश: के × एफ². छेद: [(के + १) × एफ² − १] चा वर्ग अधिक [(एफ² − १) × एफ × क्यू × के] चा वर्ग, या बेरजेचं वर्गमूळ. स्प्रेडशीटमध्ये एफ ०.४ ते २ पर्यंत ०.०१ च्या पायरीने भरा आणि तीन वक्र काढा: पूर्ण लोड, दीडपट लोड आणि लोड जवळपास नसताना.

या टँकसाठी निघतं ते असं. ३५० व्होल्टला पूर्ण लोडवर कन्व्हर्टर ८० किलोहर्ट्झला बसतो, ४१० ला ११६ ला. लोड काढून घेतला तर ४१० ला ११९ पर्यंत जातो. दीडपट लोडच्या वक्राचं शिखर मात्र नीट पाहा. ते एफ = ०.६५ च्या आसपास येतं आणि त्याची उंची फक्त १.१२ आहे. म्हणजे किमान फ्रिक्वेन्सीची मर्यादा ६५ किलोहर्ट्झच्या खाली नेलीत तर ओव्हरलोडमध्ये शिखराच्या डाव्या बाजूला उतराल. ही कपॅसिटिव्ह बाजू. तिथे फ्रिक्वेन्सी कमी केल्यावर गेन वाढायच्या ऐवजी घटतो, लूपची खूण उलटते, आणि कंट्रोलर फ्रिक्वेन्सी आणखी खाली ढकलतो. शिवाय झीरो व्होल्टेज स्विचिंग (मॉसफेटवरचा व्होल्टेज शून्यावर आल्यावरच तो चालू होणं) जातं. एका मॉसफेटचा बॉडी डायोड वाहत असतानाच समोरचा मॉसफेट चालू होतो, आणि रिव्हर्स रिकव्हरीच्या करंटने दोन्ही जातात. ६५ ची मर्यादा ठेवूनही पूर्ण लोडला गेन १.२४ मिळतो, म्हणजे बस ३११ व्होल्टपर्यंत घसरली तरी आउटपुट टिकतं. होल्ड-अपसाठी (वीज गेल्यावर थोडा वेळ आउटपुट टिकवायला) एवढं सहसा पुरतं.

एफएचए रेझोनन्सजवळ चांगला जुळतो, पण जसजसं खाली जाल तसतसा तो खऱ्यापेक्षा कमी गेन दाखवतो. चूक सुरक्षित बाजूला असल्यामुळे टँक निवडायला तो पुरेसा आहे. लूप बसवायला मात्र त्याच्यावर थांबू नका.

भाग निवडताना

सीआरमधून आरएमएस करंट रेझोनन्सला १.५६ अँपिअर: लोडचा १.३९ आणि मॅग्नेटायझिंगचा ०.७२, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ. ८० किलोहर्ट्झला तो १.६५ होतो, आणि कपॅसिटरवर १०० व्होल्ट आरएमएस एसी पडतो. डीसी धरून शिखर ३१६ व्होल्ट. ४०० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर चालेल असं इथे वाटतं, पण फिल्म कपॅसिटरची एसी क्षमता फ्रिक्वेन्सी वाढली की झपाट्याने कमी होते, आणि तो वक्र डेटाशीटच्या आतल्या पानावर असतो. पॉलिप्रॉपिलीन, ६३० व्होल्ट किंवा त्यावरचा घ्या, आणि १०० किलोहर्ट्झला तो किती एसी सोसतो हे पाहूनच घ्या. पॉलिएस्टर इथे तापून फुगतो.

आउटपुट कपॅसिटरमधला रिपल करंट लोडच्या ४८ टक्के, म्हणजे ४.८ अँपिअर आरएमएस. ३३० मायक्रोफॅरडचे पाच समांतर, प्रत्येकी किमान १ अँपिअर रिपलचे, ईएसआर (कपॅसिटरचा आतला मालिका रोध) ३० मिलिओहमच्या घरात. एकूण १६५० मायक्रोफॅरड आणि ६ मिलिओहम. हे दोन आकडे पुढे लूपसाठी लागतील.

डेड टाइम (दोन्ही मॉसफेट बंद असण्याचा काळ) मॅग्नेटायझिंग करंटवरून ठरतो. त्याचं शिखर = टर्न्स रेशो × आउटपुट ÷ (४ × एलएम × फ्रिक्वेन्सी). ११९ किलोहर्ट्झला, म्हणजे सगळ्यात अडचणीच्या जागी, हे १.०६ अँपिअर. दोन मॉसफेटचे १५०-१५० पिकोफॅरड आणि वाइंडिंगचे २०० धरून ४१० व्होल्टला २०५ नॅनोकुलॉम हलवायचे. वेळ १९४ नॅनोसेकंद. २५० ठेवा. मॉसफेटचं आउटपुट कपॅसिटन्स घेताना डेटाशीटमधला वेळेवर आधारलेला प्रभावी आकडा घ्या. २५ व्होल्टला दिलेला आकडा घेतला तर हिशेब पार चुकतो.

ट्रान्सफॉर्मर ईटीडी३९ वर, सेकंडरी ४ + ४ वेढे. एलआर वेगळा इंडक्टर असेल तर प्रायमरी ३२. ट्रान्सफॉर्मरचीच लीकेज (प्रायमरी-सेकंडरीत न जुळलेलं इंडक्टन्स) एलआर म्हणून वापरायची असेल तर एक गोष्ट हमखास निसटते. अशा ट्रान्सफॉर्मरमध्ये रेझोनन्सला गेन १ नसतो, तर सेकंडरी उघडी ठेवून मोजलेलं इंडक्टन्स भागिले (तेच वजा लीकेज) याचं वर्गमूळ असतो. इथे √(४६२ ÷ ३८५) = १.०९५. म्हणून प्रायमरी ३५ वेढे लागतात. ३२ वर ठेवलीत तर कन्व्हर्टर नेहमीच रेझोनन्सच्या बराच वर चालतो, रेक्टिफायरचा करंट दर वेळी अर्धवट तुटतो, आणि एफिशियन्सी कुठे गेली ते सापडत नाही.

मोजताना एलसीआर मीटर १०० किलोहर्ट्झवर ठेवा. लीकेजसाठी सेकंडरीचा आधी एक अर्धा आणि मग दुसरा शॉर्ट करा. दोन्ही आकड्यांत ५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर दोन अर्ध्यांतून करंट विषम जाणार. दोन्ही अर्धे एकत्र, बायफिलर गुंडाळले की हे जातं.

लहान बदलांचं मॉडेल

बक कन्व्हर्टरमध्ये एका सायकलची सरासरी घेतली की मॉडेल मिळतं. इथे टँकच्या करंटची सरासरी शून्य असते, त्यामुळे ती युक्ती चालत नाही. विचार करायचा तो करंटच्या उंचीचा: ती हळूहळू कशी वाढते किंवा घटते. करंटचे साइन आणि कोसाइन भाग वेगळे करून दोघांची समीकरणं मांडायची, ही एक्स्टेंडेड डिस्क्रायबिंग फंक्शनची पद्धत. पूर्ण रूपात ती संगणकावर सोपवलेलीच बरी, पण तीन निष्कर्ष हाताशी हवेत.

रेझोनन्सवर टँक आउटपुटला एका साध्या इंडक्टरसारखा दिसतो. त्याची किंमत पाय² ÷ ४ × एलआर, भागिले टर्न्स रेशोचा वर्ग. इथे २.४७ × ७७ ÷ ६४ = २.९७ मायक्रोहेन्री. १६५० मायक्रोफॅरडबरोबर दुहेरी पोल २.२७ किलोहर्ट्झला (पोलच्या वर गेन घटू लागतो आणि फेज मागे पडतो; झीरोचं काम याच्या उलट). त्याचं शमन वाइंडिंगचा रोध आणि ईएसआर करतात. ईएसआरचा झीरो १६ किलोहर्ट्झला.

रेझोनन्सच्या वर गेलात की स्विचिंग आणि रेझोनन्स यांतल्या फरकाएवढ्या फ्रिक्वेन्सीला दुहेरी पोल येतो. ११६ ला चालताना तो १६ किलोहर्ट्झला असतो, आणि आउटपुट कपॅसिटरचा एकेरी पोल खाली वेगळा. रेझोनन्सकडे सरकाल तसा हा दुहेरी पोल खाली येऊन आउटपुटच्या पोलमध्ये मिसळतो. रेझोनन्सच्या खाली एलएमही टँकमध्ये सामील होतो. तिथे वक्राचा आकार फारसा बदलत नाही, फक्त डीसी गेन वाढतो.

हे पडताळायला सिम्युलेशन हवंच. सिम्प्लिससारखं साधन स्विचिंग सर्किटवरून थेट एसी वक्र देतं. एलटीस्पाइस असेल तर पीरियडवर १ टक्का साइन चढवून १०० हर्ट्झ ते ३० किलोहर्ट्झ बिंदू-बिंदूने मोजावं लागतं. वेळ खातं, पण जमतं.

फ्रिक्वेन्सी नको, पीरियड द्या

कोणत्या राशीवर कंट्रोल करायचा, हा निर्णय बहुतेक वेळा विचार न करताच घेतला जातो. गेनच्या वक्राचा उतार काढून आउटपुट व्होल्टमध्ये बदलला तर असं दिसतं:

६५ किलोहर्ट्झ (३११ व्होल्ट, पूर्ण लोड): दर किलोहर्ट्झला ०.२२५ व्होल्ट
१०० किलोहर्ट्झ (३९० व्होल्ट, पूर्ण लोड): ०.०९८
११६ किलोहर्ट्झ (४१० व्होल्ट, पूर्ण लोड): ०.०७५
११९ किलोहर्ट्झ (४१० व्होल्ट, लोड नाही): ०.०५४

म्हणजे चारपट फरक, १२ डेसिबल. एका टोकाला लूप जेमतेम स्थिर, तर दुसऱ्या टोकाला सुस्त. आता तोच उतार पीरियडच्या हिशेबात मांडा, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या वर्गाने गुणा. त्याच क्रमाने दर नॅनोसेकंदाला ०.९५, ०.९८, १.०१ आणि ०.७७ मिलिव्होल्ट. पूर्ण लोडवर गेन जवळपास सपाट झाला, आणि लोड नसताना फक्त २ डेसिबल खाली गेला.

डिजिटल कंट्रोलमध्ये टायमरचा रजिस्टर मुळात पीरियडच मागतो. तरी पुष्कळ कोडमध्ये कॉम्पेन्सेटर (आउटपुटच्या चुकीवरून दुरुस्ती ठरवणारा भाग) फ्रिक्वेन्सी काढतो आणि मग भागाकार करून पीरियड मिळवतो. तो भागाकार काढून टाका. प्रोसेसरचा वेळ वाचतो आणि लूपही सुधारतो. ॲनालॉग कंट्रोलर आयसीमध्ये ऑसिलेटरचा करंट फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात असतो, त्यामुळे तिथे ही सोय नाही. त्यात ऑप्टोकपलरचा करंट ट्रान्सफर रेशो दुपटीने बदलू शकतो, म्हणजे आणखी ६ डेसिबल. म्हणून ॲनालॉगमध्ये सगळ्यात जास्त गेनच्या टोकाला लूप बसवा आणि दुसऱ्या टोकाचा सुस्तपणा मान्य करा.

तिसरा मार्ग चार्ज कंट्रोलचा. प्रत्येक सायकलला सीआरचा व्होल्टेज किती बदलला हे पाहून स्विच बंद करायचा. इनपुट पॉवर = बस × सीआर × हा बदल × फ्रिक्वेन्सी. इथे पूर्ण लोडला बदल १८६ व्होल्ट. यामुळे प्लँट (कॉम्पेन्सेटर सोडून उरलेला कन्व्हर्टर) जवळपास एकेरी पोलचा होतो आणि बसमधल्या रिपलला उत्तर लगेच मिळतं. नवीन डिझाइन असेल तर हाच आधी पाहावा.

कॉम्पेन्सेटर

पीरियड-कंट्रोल धरून क्रॉसओव्हर (लूपचा गेन १ होतो ती फ्रिक्वेन्सी) ४ किलोहर्ट्झ ठेवू. इंटिग्रेटर, दुहेरी पोलला उत्तर म्हणून २ किलोहर्ट्झला दोन झीरो, ईएसआरसाठी १६ किलोहर्ट्झला एक पोल, आणि स्विचिंगचा रिपल दाबायला ४० ते ५० किलोहर्ट्झला दुसरा. दोन्ही झीरो दुहेरी पोलच्या किंचित खाली हवेत. वर ठेवलेत तर मधल्या पट्ट्यात फेज मार्जिन (लूप अस्थिर होण्याआधी उरलेला फेज) खचतो. डिजिटलमध्ये सॅम्पल घेण्यापासून नवा पीरियड लागू होईपर्यंत दीड सायकल, १५ मायक्रोसेकंद जातात, आणि ४ किलोहर्ट्झला त्याची किंमत २१.६ अंश फेज. हे वजा करूनही किमान ४५ अंश उरायला हवेत.

एवढा क्रॉसओव्हर पुरतो का? पीएफसी बसवर १०० हर्ट्झचा २० व्होल्टचा रिपल असेल तर लूपशिवाय आउटपुटवर १.२३ व्होल्ट येईल. १०० हर्ट्झला लूपचा गेन ४० पट, म्हणजे ३१ मिलिव्होल्ट उरतात. याहून कमी हवं असेल तर क्रॉसओव्हर ताणण्यापेक्षा बसचा व्होल्टेज मोजून फीडफॉरवर्ड द्या.

आता एक बारीक पण त्रासदायक हिशेब. टायमर १०० मेगाहर्ट्झवर चालत असेल तर एक काउंट १० नॅनोसेकंद. पण दोन्ही अर्धे समान ठेवायचे तर पीरियड दोन-दोन काउंटनेच बदलतो, म्हणजे आउटपुटवर २० मिलिव्होल्टची पायरी. १२ बिटचा एडीसी, ३० व्होल्ट फुल स्केल, त्याची पायरी ७.३ मिलिव्होल्ट. एडीसीला हव्या असलेल्या बिंदूवर कंट्रोलर कधी थांबूच शकत नाही. तो दोन पीरियडच्या मध्ये हेलकावे खातो, आउटपुटवर काही शे हर्ट्झची लहर दिसते आणि ट्रान्सफॉर्मर बारीक आवाज करतो. कॉम्पेन्सेटरचे आकडे कितीही बदलले तरी हे जात नाही, कारण दोष तिथे नाहीच. हाय-रिझोल्यूशन पीडब्ल्यूएम वापरा, किंवा चार सायकलींत पीरियड वाटून सरासरीने मधली किंमत मिळवा.

नवा पीरियड लागू करण्याची वेळही जपा. रजिस्टर लगेच बदलला आणि काउंटर नव्या किमतीच्या आधीच पुढे गेलेला असेल तर तो ओव्हरफ्लो होईपर्यंत धावतो. एक लांबलचक पल्स जातो आणि मॉसफेट फुटतात. शॅडो रजिस्टर चालू ठेवा, बदल फक्त काउंटर शून्यावर आल्यावर.

पहिल्यांदा चालू करताना

बसला थेट ३९० व्होल्ट लावू नका. करंट-लिमिट असलेल्या सप्लायवरून ६० व्होल्ट, सिंक्रोनस रेक्टिफायर बंद, लूप उघडा, फ्रिक्वेन्सी हाताने १०० वर, आउटपुटला २.४ ओहम. ६० ÷ १६ = ३.७५, त्यातून बॉडी डायोडचे ०.८ गेले की ३ व्होल्टच्या जवळपास दिसायला हवं. याच्या निम्मं दिसलं तर सेकंडरीचा एक अर्धा उलटा जोडलेला किंवा सुटलेला असण्याची शक्यता पहिल्यांदा तपासा.

मग खरा रेझोनन्स शोधा. सीआर ५ टक्के आणि एलआर १० टक्के सरकला तर तो ९३ ते १०८ मध्ये कुठेही असू शकतो. लोड निम्मा-पूर्ण करत फ्रिक्वेन्सी फिरवा. ज्या ठिकाणी आउटपुट सगळ्यात कमी हलतं तोच रेझोनन्स. टँकचा करंटही तेच सांगतो: रेझोनन्सला सलग साइन, खाली गेल्यावर साइनचा उंचवटा संपून मॅग्नेटायझिंगची तिरपी रेघ, वर गेल्यावर साइन मध्येच छाटलेला. किमान फ्रिक्वेन्सीची मर्यादा या मोजलेल्या आकड्याच्या ०.६५ पट ठेवा, कागदावरच्या नव्हे.

व्होल्टेज टप्प्याटप्प्याने वाढवताना ब्रिजच्या मधल्या नोडवर डिफरेन्शियल प्रोब ठेवा. सप्लाय बंद केल्यावर बसचे कपॅसिटर रिकामे झाल्याची मीटरने खात्री केल्याशिवाय बोर्डाला हात लावू नका. नोड पूर्ण खाली आल्यानंतरच खालच्या मॉसफेटचा गेट वर चढायला हवा. वरचा स्विच बंद होतो त्या क्षणी टँकचा करंट धनच असला पाहिजे. तो शून्याकडे येऊ लागला की कपॅसिटिव्ह बाजू जवळ आली. संरक्षणाचं सर्किटही हेच पाहून फ्रिक्वेन्सी ताबडतोब वर न्यावं असं बांधा.

सॉफ्ट स्टार्ट २५० ते ३०० किलोहर्ट्झवरून खाली. पहिल्या काही सायकलींत सीआरवर बसचा निम्मा व्होल्टेज अजून चढलेला नसतो, करंट एकतर्फी राहतो आणि हार्ड स्विचिंग होतं. सीआर दोन अर्ध्यांत विभागून एक बसला आणि एक ग्राउंडला जोडला की सुरुवातच मध्यावरून होते.

सिंक्रोनस रेक्टिफायर सगळ्यात शेवटी चालू करा. त्याचा ड्रायव्हर मॉसफेटवरचा व्होल्टेज पाहून करंट संपल्याचं ओळखतो, पण पॅकेजच्या पायांचं इंडक्टन्स त्याला फसवतं. करंट घटत असताना तो वेळेआधीच बंद करतो आणि उरलेला वेळ बॉडी डायोड तापतो. सेन्सची तार थेट पायाच्या मुळाशी जोडा. उलट, रेझोनन्सच्या खाली उशिरा बंद झाला तर आउटपुटमधून करंट मागे टँकमध्ये जातो. हलक्या लोडला हे जास्त दिसतं.

आता लूप मोजा. फीडबॅक डिव्हायडरच्या वरच्या टोकाला १० ते ५० ओहमचा रोध, त्यावर इंजेक्शन ट्रान्सफॉर्मर, क्रॉसओव्हरजवळ २० ते ५० मिलिव्होल्ट. वर दिलेल्या चारही बिंदूंवर मोजा. प्रत्येक ठिकाणी फेज मार्जिन ४५ अंश आणि गेन मार्जिन १० डेसिबलच्या वर हवा. लोड नसताना कन्व्हर्टर बर्स्ट मोडमध्ये (मधूनमधून थांबत स्विच करणं) जात असेल तर तिथला वक्र निरर्थक असतो. त्या बिंदूसाठी बर्स्ट बंद करा किंवा १० टक्के लोडवर मोजा. मोजलेला दुहेरी पोल २.२७ ऐवजी ३ किलोहर्ट्झच्या वर दिसला तर आधी आउटपुट कपॅसिटर तपासा. इलेक्ट्रोलिटिक थंडीत बरंच कपॅसिटन्स गमावतात आणि ईएसआर अनेक पटींनी वाढतो, त्यामुळे खोलीच्या तापमानाला नीट बसलेला लूप उणे २० अंशांवर पुन्हा मोजावाच लागतो.